दोन मिनिटं विज्ञान

२४ एप्रिल २०२५, गुरुवार. बेळगाव

पुण्यातली परीक्षेची तारीख मिळाली. २४ मे, शनिवार. पैसे भरले. या महिन्यात भिशी बंद.

इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ लागतात, लिहिण्यात ६.५. कागदावर मोठं लिहून भिंतीला चिकटवलं. रूममेटनं खाली भर घातली: 'झोप – ०'.

२६ एप्रिल, शनिवार

टिळकवाडीतला क्लास. बोलण्याच्या परीक्षेचे तीन भाग. पहिल्यात घर, गाव, आवडीनिवडी. दुसऱ्यात हातात कार्ड देतात. एक मिनिट विचार करायला, कागद-पेन्सिल तेच पुरवतात, मग दोन मिनिटांपर्यंत एकटीनं बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर खोदून प्रश्न. सगळं मिळून अकरा ते चौदा मिनिटं. रेकॉर्ड होतं.

आजचं कार्ड: विज्ञानातला असा एखादा विषय, ज्याबद्दल आणखी जाणून घ्यायला आवडेल.

सर म्हणाले, "विज्ञान आलं की डोळे मिटून एआय सांगायचं. शब्द तयार आहेत."

सगळ्यांनी एआय सांगितलं. मीही. चाळिसाव्या सेकंदाला माझं एआय संपलं.

२७ एप्रिल, रविवार. नाइट

एआयचा परिच्छेद ट्रॉलीवर ठेवून पाठ करत होते. अडीच वाजता यमकनमर्डीच्या अज्जांचा मुलगा उठून आला. अज्जांच्या बोटाला लावलेल्या चिमटीकडे बोट दाखवून, "अक्का, इदु याक केंपु?"

लाल का दिसतं? सांगितलं. बोटातून दोन उजेड जातात. एक लाल, तो दिसतो. दुसरा आपल्याला दिसत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असला तर लाल उजेड बराचसा पलीकडे पोचतो. कमी असला तर रक्तच तो जास्त अडवतं. पलीकडे कुठला किती पोचला ते मशीन बघतं आणि आकडा दाखवतं.

त्यानं स्वतःचं बोट घालून बघितलं. ९८. वडिलांचे ८९. बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत बसला. शेजारच्या खाटेवरच्या मावशी जाग्याच होत्या. "आमास्नी बी सांगा की." त्यांना मराठीत सांगितलं.

दोन्ही वेळा न अडखळता. घड्याळ लावलं नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार

चिमटी कुणी काढली ते वाचलं. ताकुओ आओयागी, जपानी इंजिनिअर. तो निघाला होता हृदय किती रक्त ढकलतं ते मोजायला. शिरेत रंग टोचायचा, कानाच्या पाळीतून उजेड पाठवायचा, रंग किती उतरला ते बघायचं. पण नाडीच्या ठोक्यांनी रेघ थरथरायची, मोजमाप बिघडायचं. थरथर काढून टाकायच्या मागे लागला आणि लक्षात आलं, प्राणवायूचं उत्तर त्या थरथरीतच आहे. ठोक्यासरशी जे बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी, हाड, मांस जागच्या जागी. १९७४ मध्ये जपानमधल्या परिषदेत मांडलं. २०२० च्या एप्रिलमध्ये गेला. त्यानंतर वर्षभरात आमच्याकडे गल्लोगल्ली किराणा दुकानदारसुद्धा चिमटी बाळगून होते.

हे दोन मिनिटांत बसेल?

३० एप्रिल, बुधवार

बसलं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. अर्धा वेळ 'ॲक्च्युअली'.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन. इथं कामगार दिनाची सुट्टी. मला दोन्हींची नाही.

२ मे, शुक्रवार

एसएसएलसीचा, म्हणजे इथल्या दहावीचा निकाल. अण्णांचा फोन. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी शाळेचा निकाल त्यांना घरच्यासारखा. मग मुद्द्यावर आले.

"रविवारी दुपारी साडेबाराला कुठं असशील?"

"ड्युटीवर."

"बाहेर ये पाच मिनिटं. बेळगावात सावली जाणार आहे. आमच्याकडं निपाणीत दोन दिवसांनी."

४ मे, रविवार

बारा वीसला खाली उतरले. पार्किंगमध्ये दुचाक्यांच्या सावल्या चाकांखाली गोळा झालेल्या. नो पार्किंगचा लोखंडी खांब सरळ वाटला, त्याच्यापाशी उभी राहिले. पश्चिमेकडं बोटभर, मग नखाएवढी... बारा एकोणतीसला काहीच नाही. खांब आहे, सावली नाही.

वॉचमन म्हणाला, "काय हरवलं काय, सिस्टर?"

सांगितलं. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला १५.८५ अंशांवर. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतोय. आज तो जवळजवळ तेवढ्याच अंशांवर आला, म्हणून दुपारी बरोबर डोक्यावर. अजून वर जाऊन ऑगस्टमध्ये परतताना पुन्हा एकदा. तेव्हा ढग असतात, दिसायचं नाही.

"मग घड्याळात बारालाच का नाही?"

चांगला प्रश्न. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जातं. आपण आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. बत्तीस मिनिटं उशीर. वर्षाच्या या दिवसांत त्यातली तीनेक मिनिटं सूर्यच भरून देतो.

त्यानं खांबाला हात लावून बघितला. आणखी दोघे आले. वर येईपर्यंत उशीर झाला. इन्चार्जनी घड्याळाकडं बघितलं, बोलल्या नाहीत.

अण्णांना फोन केला. त्यांनी अंगणात मीटरभर काठी रोवली होती. "पाऊण सेंटीमीटर सावली राहिली. कडा पुसट. सूर्य काही ठिपका नाही, अर्ध्या अंशाचा गोळा आहे. म्हणून कडा नीट मापता येत नाही." आवाजात वर्गात शिकवतानाचा जोर.

६ मे, मंगळवार. निपाणी

सुट्टी. सकाळच्या गाडीनं आले. संकेश्वरनंतर तवंदी घाट उतरताना कार्डाची तालीम. शेजारच्या बाईंनी विचारलं, मोबाइलवर कुणाशी भांडताय?

अंगणात अण्णांची तयारी आधीच झालेली. ठिबकच्या कामातला उरलेला पीव्हीसी पाइप, ओळंबा, विटा. पाइप ओळंब्यात उभा केला, विटांनी आवळला. दादाची लेक खडू घेऊन बसली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक.

ढग आला. गेला. परत आला.

बारा सत्तावीसला निवळलं. पाइपच्या पोटातून ऊन सरळ जमिनीवर उतरलं. तळाशी उजेडाचा गोल, अगदी पाइपच्या मापाचा. बाहेर सावली नाही. पोरगीनं खाली वाकून गोलात बोट घातलं, बोट पिवळं झालं. शेजारच्या विड्या वळणाऱ्या बायका सुपासकट आल्या. त्यांच्याही सावल्या पायांखालीच गोळा झालेल्या. त्या एकमेकींचे पाय बघून हसत सुटल्या.

"आत्या, तू जाणार तिकडं कवा असतंय हे?"

अण्णाच म्हणाले, "तिकडं कधीच नाही. लंडन साडेएकावन्न अंशांवर. सूर्य कर्कवृत्ताच्या वर जातच नाही. भर उन्हाळ्यातही माणसाला सावली असते. नाताळच्या दुपारी तर जेमतेम पंधरा अंश वर येतो, एवढ्या लांब सावल्या."

आई म्हणाली, "जेवायला या. मी वाढतो."

दुपारी, गंमत म्हणून आईच्या बोटाला चिमटी लावली. ९३. हात गार असेल. चोळून परत लावली. ९३. दुसऱ्या हाताला ९२.

लग्नाआधी आणि नंतरही आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. खोकला जुना. "धुरळ्याचा हाय, त्यात काय," म्हणते.

अण्णांना सांगितलं नाही.

७ मे, बुधवार

पहाटेपासून टीव्हीवर ऑपरेशन सिंदूर. वॉर्डातले सगळे माना वर करून. सलाइन संपलेलं कुणी सांगेना.

९ मे, शुक्रवार

क्लास. गुण कसे देतात ते आज नीट सांगितलं. चार गोष्टी, चारींना सारखं वजन: न अडखळता आणि सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. विषयाची माहिती त्यात नाही. मत पटलं पाहिजे असंही नाही.

मी कार्डावर चिमटी सांगितली. 'प्राणवायू कमी असला तर...' इथं थांबले. धमनीतला? किती कमी? नखाला रंग असला तर? सर म्हणाले, "खरं-खोटं तपासायला कोण बसलंय? तुम्ही वाक्य पुरं करा."

बरोबर आहे त्यांचं. पण वॉर्डात अर्धवट सांगितलं तर दुसऱ्या दिवशी नातेवाईक तेच घेऊन समोर उभे राहतात.

११ मे, रविवार

गावाबद्दल प्रश्न. "निपाणी कशासाठी प्रसिद्ध आहे?" मी म्हटलं, तंबाखू. सर: "निसर्ग सांगा, मंदिर सांगा. तंबाखू बरा दिसत नाही."

निपाणीचं काय सांगू मग? १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागे तंबाखूवाले शेतकरी हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली. आंदोलननगर हे नाव त्यातून आलं. वखारीत बायका. आईचा खोकला. हे सगळं तंबाखूच.

१३ मे, मंगळवार

महाराष्ट्राचा दहावीचा निकाल. कागलच्या मावसभावाला ८१ टक्के. पेढे. आमच्याकडचे अकरा दिवसांपूर्वीच खाऊन झाले. अर्जुननगरचं कॉलेज महाराष्ट्रात, कॉलेजला लागून असलेलं गाव कर्नाटकात. मुलं दोन्ही बोर्डांची, पुढच्या महिन्यात एकाच बाकावर.

१५ मे, गुरुवार

नवी नवरी, ताप. हाताला कोपरापर्यंत मेंदी. मशीन ८८ दाखवतंय, पोरगी माझ्याशी हसून बोलतेय. सासू रडायला लागली. पायाच्या अंगठ्याला चिमटी लावली. ९८.

सासू: "मशीन खोटं बोलतंय की काय?"

खोटं नाही बोलत. मेंदीचा थर मधे आला, उजेड अडला. त्याला काय ठाऊक, वर रंग लावलाय ते.

१७ मे, शनिवार

तिसऱ्या भागातला प्रश्न: विज्ञान नेहमी बरोबर असतं का?

रात्री वाचलं. २०२० मध्ये अमेरिकेत दवाखान्यांतल्या नोंदी तपासल्या. मशीन ठीक दाखवतंय पण रक्तात प्राणवायू खरंच कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा निघालं. कातडीचा रंगही उजेड अडवतो, आणि यंत्राचे आकडे मुख्यतः गोऱ्या माणसांवर बसवलेले. चूक शोधली ती विज्ञानानंच. नोंदी होत्या, म्हणून.

आमच्याकडे कुणी मोजलंय का? आईचे ९३ मग खरंच किती?

आईला बेळगावला आणायचं ठरवलं. फुंकर मारायची तपासणी.

१८ मे, रविवार

आई: "परीक्षा हाय तुझी. ती झाल्यावर बघू."

२० मे, मंगळवार

जयंत नारळीकर गेले. पहाटे, पुण्यात.

अण्णा फोनवर नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "आपल्या कोल्हापुरात जन्म त्यांचा. १९३८." मग थोड्या वेळानं, "जगताप माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हतं. १९७४. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा. नारळीकरांना भाग घ्यायचा होता, पण नावामुळं बक्षीस नको होतं. आद्याक्षरं उलटी केली, नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस आलं.

"केंब्रिजला हॉयलबरोबर काम केलेला माणूस," अण्णा म्हणाले, "आणि मराठीत गोष्ट लिहून ती चालतेय का ते नाव लपवून तपासतो."

२१ मे, बुधवार

अण्णांनी जुनी कात्रणं काढली, व्हॉट्सॲपवर फोटो. २००८ मधली ज्योतिषाची चाचणी. नारळीकर, दाभोलकर आणि मंडळी. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या: कुठली कुणाची ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तर पन्नास.

हे इंग्रजीत बोलून बघितलं. 'ॲक्च्युअली' कमी झाले.

पाऊस. मे महिन्यात एवढा?

२३ मे, शुक्रवार. पुण्याकडे

निपाणीहून सकाळी बस. कोगनोळीचा नाका ओलांडला की मोबाइलवर 'महाराष्ट्रात स्वागत'. साताऱ्यापर्यंत पाऊस. वहिनीनं दिलेले धपाटे.

आत्याकडं मुक्काम, कात्रज. आत्या म्हणे, "तिथं जाऊन उगं लाजू नको. तू लहानपणी रेडिओ होतीस."

एआयचा परिच्छेद शेवटचा वाचला. घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात.

२४ मे, शनिवार. पुणे

ऐकणं, वाचणं, लिहिणं आटोपलं. लिहिण्यात दुसरा निबंध घाईत. बोलणं दुपारी.

खोली लहान. बाई पन्नाशीच्या. टेबलावर रेकॉर्डर, घड्याळ. नाव, ओळखपत्र.

गाव? निपाणी. कशासाठी ओळखतात? तंबाखू, म्हटलं. बाईंनी मान हलवली. मग: विज्ञान आवडतं का? शाळेत कुठला विषय? कधीपासून शिकलात? घरी कुणाला आवड आहे? अण्णा आले, काठी आली. बाई थांबवून पुढचा प्रश्न.

कार्ड. उलटं करून वाचलं. विज्ञानातला असा एखादा विषय, ज्याबद्दल आणखी जाणून घ्यायला आवडेल. कुठला, कसा कळला, त्यात काय आवडतं, आणखी का शिकायचं.

मिनिटभर पेन्सिल. कागदावर मराठीतच उमटलं: चिमटी. लाल. न दिसणारा. थरथर. मेंदी.

सुरू केलं. अज्जांच्या मुलाचा प्रश्न. तेच उत्तर, त्याच क्रमानं, रात्री अडीचला सांगितलं होतं तसं. आओयागीची रेघ. मेंदीपाशी आले आणि बाई किंचित पुढं झुकल्या. मी म्हटलं, काळ्या माणसांत मशीन चुकतं हे शोधलंय, आमच्यासारख्या कातडीवर किती चुकतं ते मला शिकायचंय, कारण माझ्या आईचा आकडा...

"थँक यू." दोन मिनिटं झाली.

तिसरा भाग. सामान्य माणसाला विज्ञान कुणी समजावून सांगावं, शास्त्रज्ञांनी की पत्रकारांनी? जगतापांची गोष्ट सांगितली. विज्ञान चुकतं तेव्हा लोकांचा विश्वास उडतो का? म्हटलं, सासूबाईंचा उडाला होता, अंगठ्याला लावल्यावर परत आला. बाई हसल्या बहुतेक. सरकारनं अवकाशावर खर्च करावा की दवाखान्यांवर? दोन्हींवर म्हणायचा मोह झाला. म्हटलं, मी नर्स आहे, माझं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. पण चिमटीतला उजेड मोजायचं तंत्र काही दवाखान्यात जन्मलं नाही.

एकदा विचारलं, पन्नास वर्षांनी विज्ञान कुठं असेल? म्हटलं, मला ठाऊक नाही. मग अंदाज सांगितला, अंदाज आहे असं सांगून.

२५ मे, रविवार

बसमध्ये सगळी उत्तरं पुन्हा मनात. 'धमनी'चा उच्चार नीट झाला का? काळ चुकला एके ठिकाणी, भूतकाळात सुरू केलं आणि वर्तमानात संपवलं.

निपाणीला उतरले. आई झोपली होती. चिमटी लावली, जागी होऊ न देता. ९१.

२६ मे, सोमवार

पुण्यात मान्सून आल्याची बातमी. मे महिन्यात! अण्णांनी वहीत नोंद केली.

आईला घेऊन बेळगावला. मशीनच्या नळीत फुंकर. "जोरात, अजून, अजून, अजून." आईनं एवढी फुंकर चुलीतसुद्धा कधी घातली नसेल. छातीचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडलीयत, धुळीचं आहे, पंप सुरू करू. आईनं मला विचारलं, "पंप म्हंजे काय करतोय?"

सांगितलं. नळ्या आकसल्यात, औषध त्या सैल करतं. दम आत घेताना दाबायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं. मग चूळ भरायची. करून दाखवलं. आईनं परत करून दाखवलं. बरोबर.

२७ मे, मंगळवार

निकाल. ऐकणं ७.५. वाचणं ७. बोलणं ७.५. लिहिणं ६.

सरांचा मेसेज: 'एआय सांगितलं ना?' अंगठा पाठवला.

आईला सांगितलं, बोलण्यात पास, लिहिण्यात राहिले.

"पत्र तरी कोण लिवतंय आता?" म्हणाली आणि पंप मागितला.

रूममेट म्हणते, रोजनिशी इंग्रजीत लिही, सराव होईल. नाही लिहिणार. निबंध वेगळ्या वहीत.

आईची फेरतपासणी १२ जूनला. परीक्षेची तारीख त्यानंतरची बघते.